दाराचा कोपरा

४ जानेवारी, रविवार. नेकनूर

ही नवी डायरी शहेबाजने दिली. बियाण्याच्या कंपनीची आहे, प्रत्येक पानाच्या डोक्यावर कपाशीचे बोंड. छपाई मात्र फिकी. रेघा असून नसल्यासारख्या, म्हणून अक्षर मोठे काढतो आहे. घरात आमची बोली दख्खनी, पण वहीत मी पहिल्यापासून मराठीच लिहितो. निर्मळ गुरुजींनी हात धरून गिरवून घेतले ते हेच अक्षर.

उज्मा पहिल्या चाचणीत नापास झाली.

उज्मा म्हणजे माझ्या मुलाची, मतीनची थोरली, वीस वर्षांची. आयटीआय करून वेल्डर झाली आणि गेल्या सहा महिन्यांपासून लातूरकडे, रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात शिकाऊ आहे. काल संध्याकाळी केजवरून आली. चहासुद्धा न घेता पिशवीतून एक तुकडा काढून माझ्या हातात ठेवला. स्टेनलेसच्या दोन पट्ट्या, मधे वीतभर सांधा. मी अंगठा फिरवला. कुठे खड्डा नाही, कुठे गाठ नाही. चौतीस वर्षे मी एसटीच्या वर्कशॉपात बसच्या बॉड्या बांधल्या. हा सांधा माझ्या हाताखालच्या कुणी केला असता तर मी त्याला जिलेबी खाऊ घातली असती.

"ह्यात नापास काय हाय?" मी विचारले.

"सर म्हणतेत उष्णता जास्त गेली."

"कोन सर?"

"उत्तरेश्वर सर. युसूफ वडगावचे हायेत."

"त्याला म्हणावं, वेल्डिंग थंड्या पाण्यानं करता का तुमी?"

ती हसली नाही. जेवताना तिने डबा कसा होतो ते मला आणि माझ्या बायकोला, रहेमतबीला पुन्हा एकदा सांगितले. मला ते कितीही वेळा ऐकायला आवडते. खालचा सांगाडा वेगळा बनतो, दोन्ही बाजूंच्या भिंती वेगळ्या, छप्पर वेगळे, दोन टोके वेगळी. मग सगळे एका मोठ्या साच्यात आणून जोडतात. पुढे ओढायला इंजिन नाहीच. मोटरी डब्याखाली, चाकांच्या जवळ. वरच्या तारेतून वीज घ्यायची आणि निघायचे. मी लहानपणी अब्बांच्या बोटाला धरून परळीला आगगाडी बघायला गेलतो, तेव्हा इंजिनाने शिट्टी मारली आणि मी अब्बांच्या धोतरात तोंड लपवले. त्या गाडीची नात आता माझी नात बांधते आहे.

"लांब सांधे मशीन मारतं," उज्मा म्हणाली. "पण दाराच्या कोपऱ्यात मशीनचा हात जात न्हाई. तिथं मानूस लागतो. मला त्या कोपऱ्यावर उभं राहायचंय, दादा."

संधी तीन. दुसरी याच महिन्याच्या शेवटी, तिसरी मार्चमध्ये. पास झाली तर भिंतींच्या लाइनवर कायमची जागा. तिसऱ्यांदाही नापास झाली तर करार तिथेच संपला. मतीनचा चौसाळ्याहून फोन आला, तो तिथे फळांचा गाडा लावतो. म्हणाला, तीनदा झालं की तिनं घरी यावं आन् कंप्युटरचं काहीतरी शिकावं.

मी ठरवले आहे. दर रविवारी तिचा हात मी बसवणार.

११ जानेवारी, रविवार

दुकान आता शहेबाजचे. तो माझाच चेला. हल्ली लोक जिन्याला स्टेनलेसचे कठडे लावतात, त्यामुळे त्याच्याकडे आर्गन वायूवरचे वेल्डिंगचे मशीन आहे. उज्मा मास्क लावून बसली, मी तिच्या मागे स्टुलावर.

माझी रीत जुनी आहे. वेल्डिंगमध्ये सगळे चालीवर असते. हात कुठे पळाला, कुठे रेंगाळला की सांधा बिघडला. घड्याळ बघून चाल धरता येत नाही. सातवीत निर्मळ गुरुजी टेबलावर छडी वाजवत वृत्ते म्हणून घ्यायचे. त्यातले मंदाक्रांता मला सगळ्यांत प्रिय. सतरा अक्षरांचा चरण, आधी चार पावले जड, मग थोडी हलकी, मग पुन्हा सावकाश. वर्कशॉपात मी मास्कच्या आत तेच पुटपुटायचो. एका चरणात दोन बोटे सांधा. बरोबरीचे हसायचे, पण सुपरवायझर माझ्या सांध्यावर कधी चुकीचा खडू मारत नसे. उज्मा दहा वर्षांची असल्यापासून दुकानात बसून हेच ऐकते आहे.

आज मी मोठ्याने म्हणत गेलो आणि तिचा हात त्या चालीवर सरकत गेला. चार तुकडे झाले. किती दिवसांनी इतके म्हणालो. घसा बसला.

शहेबाज येऊन तुकडे बघून गेला. म्हणाला, "उस्ताद, बफ मारून चकचकीत करून देऊ का?"

"कशाला? साफ हाय की."

त्याने उज्माकडे पाहिले आणि आत गेला. दुकानातली ट्यूब त्याने बदलायला हवी. मिणमिणते.

उज्माने एक तुकडा उन्हात धरून मला विचारले, "दादा, हा रंग कसा दिसतो?"

"गव्हाळ. पिवळसर."

ती माझ्याकडे बघत राहिली. थकली असेल पोर. मी चारही तुकडे फडताळात ओळीने मांडले, वर खडूने तारीख घातली.

१८ जानेवारी, रविवार

आणखी पाच तुकडे. उज्मा आज कमी बोलली. एकदा म्हणाली, "दादा, जरा भरभर म्हणून बघता?" मी म्हणालो, मंदाक्रांता भरभर म्हटले तर निर्मळ गुरुजी कबरीतून नाही तरी चितेतून उठतील. मग तिने मास्क खाली ओढला.

दुपारी नाथा आला. शाळेतला सोबती, जन्मभर पोस्टमन. आमच्या गावात माझ्याशी 'बे' लावून बोलणारा आता तो एकच उरला आहे.

"काल मी बसस्टँडवर हात केला, तू शेजारच्या मोटारसायकलीला सलाम घातलास बे."

"मोटारसायकलवर मानूस नव्हता का?"

"न्हाई. दुधाचा क्यान होता."

रहेमतबी इतकी हसली की तिच्या ओढणीचे टोक चहात पडले. नाथाला लहानपणापासून तिखटमीठ लावायची सवय आहे. तसाही त्या दिवशी धुके होते.

२६ जानेवारी, सोमवार

दुसऱ्यांदा नापास.

फोनवर तिचा आवाज नेहमीसारखाच होता. "तेच कारण, दादा." एवढेच म्हणाली. मागे झेंडावंदनाचे लाडू वाटल्याचा गलका ऐकू येत होता.

माझ्या फडताळात नऊ तुकडे आहेत, नऊच्या नऊ देखणे. म्हणजे खोट पोरीच्या हातात नाही. खोट बघणाऱ्याच्या डोळ्यांत आहे. गुरुवारी मी स्वतः जाणार. रहेमतबी म्हणाली, "अजी, नक्को. पोरीला लाज वाटंल." मी दोन तुकडे रुमालात बांधून ठेवले.

२९ जानेवारी, गुरुवार

आत्ताच परतलो. पाय दुखतात, पण आजच लिहिले पाहिजे.

गेटवर अर्धा तास बसवले. मग स्वतः उत्तरेश्वर सर बाहेर आले. चाळिशीचा किडकिडीत माणूस, शर्टावर ठिणग्यांची भोके. मी भांडायचे ठरवून गेलतो आणि त्याने मला आधी पाणी दिले. डोक्यावर हेल्मेट घालून शिकवायच्या शेडमध्ये नेले.

"बाबा, उज्माचे उस्ताद तुमीच का? मला वाटलंच. हा हात आयटीआयचा न्हाई. हा बसच्या चेसिसचा हाय."

"मग? त्या बसा पंधरा-पंधरा वर्षं पळल्या."

"पळल्याच की. मी त्याच बसमधून शाळेला गेलो. पण ते साधं लोखंड. भिंत वाकली तर तुमी हातोडीनं सरळ करायचे, वरून खाचांत लांबी भरायचे, रंग मारायचे. खरं का खोटं?"

मी रुमालाची गाठ चाचपली. खरेच आहे.

"हे स्टेनलेस. पातळ. हात सावकाश चालला की उष्णता एका जागी बसते, सांध्याची कड निळी पडते. निळी पडली की पुढं तिथंच गंज धरतो, आन् भिंत तणते ती येगळीच. दाराच्या कोपऱ्याला असं झालं की दार नीट बसत न्हाई, पानी आत येतं. तिथं हातोडी कोन लावणार? पोरगी हुशार हाय. सोमवार ते शुक्रवार मी तिचा हात जलद करतो. सोमवारी परत येती ती पुन्हा सावकाश."

मी रुमाल सोडला. "ह्यात निळं कुठं हाय, दाखवा."

त्याने माझ्या दोन तुकड्यांतला एक घेतला, त्याच्याशेजारी आपल्या टेबलावरचा एक ठेवला. "तुमीच सांगा बाबा. ह्या दोन्हीतला निळा कोणता?"

दोन्ही मी उजेडात धरले. दोन्ही गव्हाळ. एकावर बोट ठेवले. त्याने मान हलवली, होय म्हणून की नाही म्हणून ते कळले नाही. मग दोन्ही तुकडे हळूच खाली ठेवून चहा मागवला आणि माझ्या डोळ्यांची चौकशी करू लागला. केव्हा तपासले, कोणाकडे तपासले. उत्तर नसले की माणसे अशीच विषय बदलतात.

पण माणूस वाईट नाही. जाताना त्याने पिवळ्या पट्टीच्या अलीकडून मोठी शेड दाखवली. डब्याचे उघडे अंग उभे होते, खिडक्यांची भोके पडलेली. पलीकडच्या डब्यात वायरींचे जाड जुडगे पसरत होते. म्हणाला, एका डब्यात काही किलोमीटर वायर जाते. सगळे झाल्यावर डब्यावर चहूबाजूंनी पाण्याचा मारा करतात, थेंब आत येतो का बघायला. नंतर सीटांवर माणसांच्या वजनाच्या वाळूच्या गोण्या ठेवून गाडी पळवून बघतात. माणसांच्या आधी वाळू प्रवास करून येते. हे निर्मळ गुरुजींना सांगायला हवे होते.

उज्मा धावत आली. "दादा, तुमी इथं कावून आले?" चेहरा लाल. तिच्या खोलीवर राहणारी मैत्रीण दीपमाला तिच्यामागे उभी राहून हसू दाबत होती. उज्माने मला बसपर्यंत पोचवले, पायऱ्यांवर कोपर धरून चढवले. मला पायऱ्या दिसत होत्या. पण पोरीला हौस.

८ फेब्रुवारी, रविवार

आज सराव नाही. उज्मा म्हणाली, दादीच्या डोळ्यांतून पाणी येते, चौसाळ्याला नेत्रशिबिर आहे, तुम्हीही सोबत चला. मला नवल वाटले. रहेमतबी अजून तांदळातला खडा चष्म्याशिवाय वेचते. तिथे गेल्यावर दोघींनी मला रांगेत पुढे ढकलले आणि स्वतः मतीनच्या गाड्यावर संत्री खात बसल्या. नाव आधीच नोंदवलेले होते. तारीख बघितली तर अकरा जानेवारीची नोंद.

डॉक्टरबाई बॅटरी मारून म्हणाल्या, "आजोबा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. कधीपासून नीट दिसत नाही?"

"दिसतंय की."

"माझ्या ओढणीचा रंग सांगा."

"मातकट."

मागे बसलेल्या बायका हसल्या. उजवा डोळा बीडला गुरुवारी करायचा ठरला.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

पट्टी सुटली.

पहिल्यांदा नर्सच्या खिशातले पेन दिसले. निळे. इतके निळे की मी बोटाने दाखवले. ती म्हणाली, सगळ्यांना तसंच होतं, बाबा. बसमधून बाहेर बघत आलो. आभाळ, पाण्याच्या टाक्या, एका घरासमोर वाळत घातलेली लुंगी. या जगात एवढा निळा रंग होता आणि तो मला न सांगता निघून गेला होता. मनात कविता यायला लागल्या. रहेमतबीला म्हणालो, तुझी ओढणी निळी आहे. ती म्हणाली, तीन वर्षांपासून हाय.

घरी आलो आणि फडताळ उघडले.

नऊ तुकडे. नाही, सात. दोन कारखान्यात राहिले. सातही सांध्यांच्या दोन्ही कडांनी निळे पट्टे. कुठे जांभळे, कुठे मोराच्या मानेसारखे. उजवा डोळा मिटून डाव्याने बघितले: गव्हाळ. डावा मिटून उजव्याने बघितले: निळे. असे मी किती वेळा केले कोण जाणे. रहेमतबी स्वयंपाकघरातून हाक मारत होती.

प्रत्येकावर माझ्याच हाताने खडूने तारीख घातलेली आहे.

उज्माला फोन लावला. "तुला माहीत होतं?"

ती म्हणाली, "पहिल्या रविवारीच कळलं."

"मग बोलली कावून न्हाई?"

"तुमी लई खूश होऊन म्हणत होते, दादा. मला वाटलं, आठवडाभर सरांचा हात धरीन आन् रविवारी तुमचा. दोन्ही जमतील."

जमले नाही. तिच्या तीन संधींतली एक माझ्या घशाने खाल्ली. हे स्पष्ट लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कधी मला वेगळे आठवणार नाही.

मार्चमध्ये एक उरली आहे. रडत बसायला वेळ नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

वेल्डिंगच्या उजेडाजवळ महिनाभर जायचे नाही, डॉक्टरांचा हुकूम. मग कान आणि डोके वापरायचे. शहेबाजला बोलावून खरेखरे विचारले.

"तू बफ मारू का म्हणालास ते निळं घालवायला?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "उस्तादाला कसं सांगायचं? कठड्याला बफ मारला की झालं, गिऱ्हाईकाला चमक दिसते. मी रोज तसंच करतो."

मी त्याला शिव्या दिल्या आणि मग त्याच्याकडूनच शिकून घेतले. हात किती जलद, करंट किती. बोटांनी टेबलावर ती चाल वाजवून बघितली. मंदाक्रांतेच्या जवळजवळ दुप्पट. म्हणजे दुसरे वृत्त पाहिजे. भुजंगप्रयात चालेल: एक लहान, दोन मोठी, असे चारदा, कुठे थांबा नाही. दोन दिवस खपून दोन ओळी रचल्या:

निघाली निघाली निघाली पुढे ही
कुठेही न थांबे, कुठेही न भाजे

नाथाला म्हणून दाखवल्या. तो म्हणाला, "यमक न्हाई जुळलं बे."

"वेल्डिंगला यमक लागत न्हाई."

"मग कविता तरी कशाला लागती?"

त्याला काय कळते. जन्मभर दुसऱ्यांची पत्रे वाटली.

२२ फेब्रुवारी, रविवार

रोजे सुरू झाले. उज्मा रोजा ठेवून दुपारी दोनपर्यंत मास्कमध्ये बसली. मी दुकानाबाहेर, भिंतीकडे तोंड करून, नवी चाल म्हणत होतो. सहा तुकडे. निळे कमी झाले, पण सांधा तुटक येतो. मधेच हात घसरतो, मधेच जुन्या चालीवर जातो. दोन तुकड्यांत तर जाळून भोक पडले. मी आणखी मोठ्याने म्हणालो. मग भोक तिसऱ्यातही पडले.

मार्चच्या सोळा तारखेला चाचणी.

१ मार्च, रविवार

आज जे झाले ते जसे झाले तसे लिहितो.

पहिला तुकडा फसला. दुसरा फसला. मी नवी ओळ तिसऱ्यांदा उचलली तेव्हा आतून मशीन बंद झाल्याचा आवाज आला. उज्मा मास्क वर करून बाहेर आली. ओठ कोरडे पडलेले.

"दादा, एक सांगू? राग न्हाई ना येणार?"

"सांग."

"तुमी म्हणू नका."

मला वाटले तिला ही ओळ आवडली नाही. म्हणालो, दुसरी रचतो, अजून पंधरा दिवस आहेत.

"तसं न्हाई. ओळ चांगली हाय. पण तुमी म्हणत असले की मी तुमचं ऐकते. आर्गनचा आवाज ऐकू येत न्हाई मला. तो आवाज बदलला की पत्रा तापला हे कळतं. मला माझा हात ऐकू येऊ द्या."

साठ वर्षांत मला कुणी कविता म्हणू नको असे सांगितले नव्हते. वर्कशॉपात हसले, पण थांबवले नाही कुणी. मी काहीतरी बोलणार होतो. तिच्या हातमोज्याच्या बोटांना जळून भोके पडलेली दिसली, ती आता मला दिसतात. बोललो नाही. स्टूल उचलून रस्त्यापलीकडे लिंबाखाली नेऊन ठेवले आणि बसलो.

तिथून वेल्डिंगचा उजेड दिसत नाही. आवाज येतो, तेलात काही बारीक तळत ठेवल्यासारखा. मी ऐकत राहिलो. ओठ आपोआप हलायला लागले म्हणून रुमालाचा बोळा दातांत धरला. समोरून जाणाऱ्या छबुबाईने विचारले, "भाई, दात दुखतात का?" मी मान हलवली.

चौथ्या तुकड्याला आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच राहिला. ना मंदाक्रांता, ना भुजंगप्रयात. माझ्या ओळखीचे कुठलेच वृत्त नव्हते ते.

तिने तुकडा चिमट्यात धरून रस्त्यापलीकडे आणला. मी आधी उजव्या डोळ्याने बघितला. कड पिवळी, कडब्यासारखी.

"दादा, रंग?"

"कडबा," मी म्हणालो. आणि डावा डोळा मिटलेलाच आहे ना, हे बोटाने चाचपून खात्री करून घेतली.

८ मार्च, रविवार

सात तुकडे. सहा कडबा, एक किंचित निळा. दिवसभर मी लिंबाखाली. रहेमतबी म्हणते, घरात इतकी शांतता लग्नाच्या आधीही नव्हती.

मतीन आला होता. पोरीला काम करताना त्याने पहिल्यांदा उभे राहून बघितले. जाताना मला एवढेच म्हणाला, "अब्बा, कंप्युटरचं जरा थांबू या."

१६ मार्च, सोमवार

सकाळपासून फोन हातात. दहाला चाचणी. मी काहीही म्हटले नाही, मनातसुद्धा. अवघड असते ते. मन रिकामे ठेवले की निर्मळ गुरुजी छडी घेऊन येतात. त्यांना सांगितले, आज नको, आज पोरीचा पेपर आहे.

दीडला फोन आला. उज्मा रडत होती म्हणून रहेमतबी तिथेच मटकन खाली बसली. मग दीपमालाने फोन घेतला. "आजोबा, पास झाली. सरांनी तुकडा वाकवून बघितला, कापून बघितला, रंग बघितला. म्हणाले, हा हात कुणाचा हाय? ती म्हणाली, माझा."

बरोबर उत्तर दिले पोरीने.

संध्याकाळी रोजा सोडताना खजूर तोंडात धरून बराच वेळ बसून राहिलो. गिळायचे लक्षात नव्हते.

२१ मार्च, शनिवार. ईद

उज्मा दोन दिवसांसाठी आली आहे. शीरखुर्मा प्यायला नाथा आला, सोबत शहेबाज. उज्मा म्हणाली, उत्तरेश्वर सरांनी एक निळा तुकडा मागितला आहे. शिकवायच्या शेडमध्ये फळ्यावर लावायला. नव्या पोरापोरींना दाखवायचे, असे नको म्हणून.

मी फडताळातून सगळ्यांत निळा काढला, अकरा जानेवारीचा. म्हणालो, "खाली लिही: उस्ताद चाँद शेख."

"मी न्हाई लिहिणार."

"लिही. तुझं नाव घालतील न्हाईतर. काम तुझं न्हाई, माझं हाय."

"दादा, नक्को."

नाथाने मधे तोंड घातले. "लिही पोरी. ह्याचं नाव आजपर्यंत कुठंच छापून आलं न्हाई. निदान फळ्यावर तरी येऊ दे."

सगळे हसले. तिने शेवटी तुकडा तसाच पिशवीत टाकला. ती न्हायला गेल्यावर मी पिशवी उघडली, मागच्या बाजूला रंगाच्या पेनाने माझे नाव घातले आणि पिशवी होती तशी बांधली.

२६ एप्रिल, रविवार

कारखान्यात आज घरच्यांना बोलावले होते. मी, रहेमतबी, मतीन. डाव्या डोळ्याचेही झाले आहे, त्यामुळे आता कुठलाही डोळा मिटावा लागत नाही.

शिकवायच्या शेडमध्ये फळ्यावर तो तुकडा तारेने टांगला होता. नावाची बाजू भिंतीकडे. मी हात घालून उलटा करणार, तेवढ्यात उत्तरेश्वर सर म्हणाले, "बाबा, ती बाजू मी रोज एकदा बघतो. पोरांना पुढचीच पुरे." मग मी हात मागे घेतला.

उज्मा आता लाइनवर आहे. तिचा डबा कोणता ते तिने दुरून दाखवले. काचा बसल्या होत्या, आत मात्र अजून उघडे अंग, ना सीट ना पंखा. त्याला एका लांब बोगद्यासारख्या शेडमध्ये ढकलत आणले. चहूबाजूंना नळ्या. सगळ्यांना मागे उभे केले आणि पाणी सोडले. छपरावरून, बाजूंनी, खालून सुद्धा. आमच्याकडे असा पाऊस मी पाहिलेला नाही. रहेमतबी कानावर हात ठेवून बघत होती. मतीन म्हणाला, एवढ्या पाण्यात तर माझ्या गाड्यावरची कलिंगडं वाहून जातील.

उज्मा पाण्याकडे बघत नव्हती. तिचे डोळे दाराच्या वरच्या कोपऱ्यावर. तिच्या मुठी वळलेल्या होत्या. मी तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो. काही म्हणावेसे वाटले. म्हटले नाही.

पाणी बंद झाले. निथळल्यावर तपासणारे आत गेले, बॅटऱ्या मारत. बराच वेळ लावला त्यांनी. बाहेर येऊन कागदावर काहीतरी लिहिले, कुणाला काही सांगितले नाही. उत्तरेश्वर सरांनी मला खूण केली. लोखंडी पायऱ्या लावल्या होत्या. उज्माने कोपर धरायला हात पुढे केला. मी म्हणालो, दिसतात मला. तरी तिने धरला, मी धरू दिला.

आत दाराजवळ तिने वर बोट दाखवले. "ह्यो कोपरा, दादा."

मी सांधा शोधला. एका भिंतीचा पत्रा कुठे संपतो आणि चौकट कुठे सुरू होते, ते नव्या डोळ्यांनाही सापडेना. तिला विचारले, नेमका कुठे? ती जवळ येऊन बघू लागली, बोट इकडे नेले, तिकडे नेले. म्हणाली, "आता मलाबी सापडंना."

बाहेरून पत्र्यावर अजून थेंब टपटपत होते. मी टाचा उंच केल्या, तळहात कोपऱ्यात घातला आणि वरपासून खालपर्यंत सावकाश फिरवला, अगदी माझ्या जुन्या चालीने. मग हात खाली घेऊन उजेडात बघितला.

कोरडा होता.